शेवटच्या रांगेतली बाही

मास्तरांना खरी झोप लागायची ती टेबलावर. दुपारचं जेवण आटोपून शिलाईची मशीनं गप्प झाली, की ते चपला काढून कटिंगच्या टेबलावर चढायचे आणि थरावर थर रचून ठेवलेल्या कापडावर एका कुशीला आडवे व्हायचे. टेबल असं लांबलचक, की त्याच्या एका टोकाला खिडकीतलं ऊन पडलेलं असताना दुसऱ्या टोकाला दिवा लावावा लागे. मास्तर मधोमध झोपायचे, ऊन संपून दिवा सुरू होतो तिथे. कारागीर म्हणायचे, मास्तरांना कापडाचं आतलं ऐकू येतं. कारखान्याच्या मालकीणबाई म्हणायच्या, ऐकू बिकू काही येत नाही, सरळ घोरतात.

त्या झोपेत त्यांना माणसं दिसत नसत. बाह्या दिसायच्या. पाठी, कॉलरी, खिशांची झाकणं दिसायची. पाण्यावर सोडलेल्या पानांसारखी ती संथ वाहत राहायची, एकमेकांच्या कडेला लागायची, जराशी वळून पुन्हा सुटायची. एखाद्या पाठीला मानेजवळ पोकळी असायची आणि कुठून तरी लांबून एक कॉलर त्या पोकळीच्या दिशेने येत राहायची, घाई न करता, जणू तिला पत्ता माहीत आहे. ती जागेवर बसली की मास्तरांना जाग यायची. मग ते डोळेही न चोळता खडू उचलायचे आणि पाहिलं तसं आखून टाकायचे.

कापडावर तुकडे कसे बसवायचे, कोणता कापडाच्या उभ्या धाग्याला धरून निजवायचा, कुणाच्या कुशीत कुणाला सरकवायचं, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं होतं. ऐन विशीत ते थोरल्या मास्तरांच्या हाताखाली आले. थोरल्या मास्तरांनी त्यांना पुठ्ठ्याचे साचे दिले, कात्री दिली, आणि कापड हे शिवून संपतं त्याहून जास्त कापताना संपतं, एवढं एकच वाक्य दिलं. ते वाक्य यांनी असं मनावर घेतलं, की पुढे पुढे कटिंगच्या टेबलाखाली झाडू मारणाऱ्या बाईला तिथे काही सापडेनासं झालं. निघायच्या त्या फक्त सुतळीएवढ्या अरुंद पट्ट्या, दोन तुकड्यांच्या मधल्या. त्याही वाया जात नसत. कारागीर त्या पट्ट्यांनीच बाह्यांचे, पाठींचे गठ्ठे बांधून ठेवत. कारखान्यात बाहेरून दोरी आणावी लागत नाही, ही मास्तरांचीच करामत, असं सगळे धरून चालले होते. मास्तरांनीही ते कधी नाकारलं नव्हतं.

लग्न त्यांनी केलं नाही. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण आईवडील लवकर गेले, धाकटी बहीण पदरात पडली आणि तिला मोठी करता करता स्वतःचं राहून गेलं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बहीण लहानपणापासूनच हातापायांनी लांब. बसली तरी कोपरं दुसऱ्याच्या ताटात जायची. मास्तर तिला बगळी म्हणत. या बगळीने वाजवायला वाद्य निवडलं तेही स्वतःहून उंच, उभं राहून वाजवायचं. त्याचा आवाज ऐकण्याआधी पायाच्या तळव्यांना कळे. खाली छत्रीवाल्याच्या दुकानात टांगलेल्या छत्र्या हलत.

ते वाद्य घरात आलं तेव्हा मास्तरांनी आठवडाभर खोलीची मांडणी डोक्यात फिरवली. कपाट खिडकीशी नेलं तर उजेड अडतो, खाट भिंतीला लावली तर दार अर्धंच उघडतं, आणि वाद्य कोपऱ्यात ठेवलं तर बगळीचं कोपर भिंतीला घासतं. शेवटी त्यांनी कपाटाचे पाय कापून ते खाटेखाली आडवं घातलं. तेव्हापासून सदरा काढायला गुडघ्यांवर बसावं लागे. पण कोपराला जागा झाली. बहीण म्हणाली होती, दादा, तू माणसांनासुद्धा उभ्या धाग्यातच निजवशील.

शहरात एक मोठा वाद्यवृंद होता. बहीण तिथे दरवर्षी चाचणी द्यायची आणि दरवर्षी हसतमुखाने परत यायची. त्या हसण्याचा मास्तरांना धसका होता. मधली सगळी वर्षं तिने लोकांच्या मुलांना सूर शिकवण्यात काढली. केस पांढरे व्हायला लागले. आणि या वर्षी, आता कुणी वाट पाहत नव्हतं अशा वेळी, त्यांनी तिला घेतलं. शेवटच्या रांगेत, सगळ्यांत नवी.

त्याच सुमारास वाद्यवृंदाच्या नव्या कोटांचं काम कारखान्याकडे आलं. हा निव्वळ योगायोग. मास्तरांना मात्र तो तसा वाटला नाही.

कापड वाद्यवृंदानेच पाठवलं होतं. गडद निळं, पण नुसतं निळं म्हणून भागणार नाही असं. घडी मोडली की आत हिरव्याची एक आठवण दिसायची आणि लगेच जायची. गिरणीने तो रंग बंद केला होता. होतं तेवढंच. मालकीणबाईंनी ताग्यांवर टेप फिरवला, मापांची यादी वाचली, आणि कपाळाला आठी घालून सांगितलं की हे पुरणं कठीण दिसतंय. वाद्यवृंदाच्या व्यवस्थापक बाईंना ते कळवलं, तर त्या म्हणाल्या की काही हरकत नाही, जो उरेल त्याला काळ्या कापडाचा शिवा. उरेल तो अर्थात सगळ्यांत नवा. तो मागेच असतो, प्रेक्षकांचं एवढं कुठे लक्ष जातं.

मागे असतो खरा, पण उभा असतो. बसलेल्या सगळ्या निळ्यांच्या डोक्यांवर एक काळा. मास्तरांना ते चित्र डोळ्यांसमोरून हटेना. घरी त्यांनी ते बहिणीला सांगितलं, तेव्हा ती वाद्याच्या तारा पुसत होती. पुसण्याचा हात थांबला नाही.

“काळा तर काळा,” ती म्हणाली. “वाजवायला घेतलंय ना मला? कोटाला नाही घेतलं.”

मग बराच वेळ ती एकच तार पुसत राहिली.

*

कारखान्यात मालकीणबाईंची सून होती. तिला सगळेच सूनबाई म्हणत, तिच्या नवऱ्यासकट. ती गणित शिकून आली होती. त्यातही असं गणित, की हातात जे आहे ते मोजकं असताना त्यातून सगळ्यांत चांगलं काय निघेल. पहिल्यांदा तिने कोणत्या मशीनवर कोणतं काम कधी चढवायचं ते संगणकावर मांडून पाहिलं. कारागिरांनी नाकं मुरडली. पण बटणांवाली काजांवालीची वाट पाहत बसायची ते बंद झालं, अस्तराचे ढीग साचायचे थांबले, आणि लोक उजेड असताना घरी जायला लागले, तेव्हा नाकं जागेवर आली. सूनबाई गणिताबद्दल बोलायची ते घरच्या एखाद्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं. त्याला सगळ्या अटी नीट समजावून सांगाव्या लागतात, म्हणायची, एक जरी सांगायची राहिली तरी तो मुद्दाम तिथेच घोळ घालतो.

मास्तरांचं तिच्याशी जमायचं, कारण ती आधी विचारायची. बाही उभ्या धाग्यात का, कापडाला वरून खाली हात फिरवला की मऊ आणि उलटा फिरवला की खरबरीत का, पाठ उलटी निजवली तर उजेडात वेगळी का दिसते. मास्तर सांगायचे आणि ती एकेक अट घालत जायची. वाद्यवृंदाच्या कामासाठी तिने त्यांचे सगळे पुठ्ठ्याचे साचे मागून घेतले, एका फळीवर ठेवून त्यांच्या कडांवरून यंत्राची टोकदार सुई फिरवली, आणि एका दुपारी मास्तरांना पडद्यासमोर बसवलं.

पडदा निळाच होता. त्यावर बाह्या, पाठी, कॉलरी वाहत होत्या. संथ. एकमेकांच्या कडेला लागत होत्या, जरा वळून सुटत होत्या. लांबून एक कॉलर एका पोकळीकडे येत होती. मास्तरांच्या अंगावर काटा आला. आपल्या दुपारच्या झोपेत कुणी तरी खुर्ची टाकून बसलंय आणि पाहतंय, असं त्यांना वाटलं. राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं एकट्याने पाहिलेलं आज दुसऱ्या कुणाला दिसत होतं, आणि त्यात एक सुटका होती.

पण संगणकाचं उत्तर नकाराचं आलं. सगळे कोट बसत होते, एक सोडून. बहिणीचं माप सगळ्यांपेक्षा निराळं, म्हणून तिचा कोट वेगळा, एकेरी कापडात कापायचा होता, ताग्याच्या शेवटाला. त्याची पाठ बसत होती, पुढचे दोन्ही भाग बसत होते, कॉलर बसत होती, डावी बाही बसत होती. उजवी बाहेर राहत होती.

मास्तर म्हणाले की अजून थोडा वेळ चालू द्या त्याला, मलाही कधी कधी दोन दोन दुपारी लागतात. सूनबाईने मान हलवली. तो सापडलं नाही असं म्हणत नाहीये, ती म्हणाली, तो नाहीच असं म्हणतोय. मास्तरांना हे पटेना. सगळ्या मांडण्या तर त्याने पाहिल्या नसणार. त्या तर आकाशातल्या ताऱ्यांहून जास्त. मग न पाहिलेल्याबद्दल छातीठोक कसं सांगतो? सूनबाईने समजावलं. तो आधी सैल सोडून मोजतो. तुकडे एकमेकांवर थोडे चढले तरी चालतील, असं मानतो. इतकं उदार होऊनही जिथे पुरत नाही, तिथे तो आत शिरतच नाही, ती सगळी वाट एकदम बंद करतो. अशा सगळ्या वाटा बंद झाल्या होत्या.

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत म्हणतात. नकार त्यांना नवा नव्हता. पण आजवरच्या प्रत्येक नकारामागे उद्याची दुपार असायची. आज जमलं नाही, उद्या झोपेत दिसेल. हा नकार असा होता, की त्याच्यामागे झोपच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते टेबलावर आडवे झालेच नाहीत. उजवीकडे खिडकी, डावीकडे दिवा, आणि मध्ये हे उभे, हात मागे बांधून. सूनबाई आली आणि तिने त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. गणित नुसतं नाही म्हणून थांबत नाही, कुठे आवळलं जातंय तेही सांगतं. पाठ जराशी लहान केली तर काही फरक पडत नव्हता. कॉलरीला विचारलं तर तीही निर्विकार. पण बाहीच्या कडेला केसभर जागा दिली, की सगळ्या मांडणीला वरपासून खालपर्यंत श्वास येत होता, गर्दीत एकाने कोपर आत घेतलं की पार मागच्या माणसापर्यंत ढिलं होतं तसा.

“सगळा जीव बाहीत अडकलाय,” ती म्हणाली. “बाही लहान करता येईल असं मी म्हणत नाही. वाजवणाऱ्यांचे हात आहेत. फक्त कुठे दुखतंय ते सांगितलं.”

ती गेली. मास्तरांनी बाहीचा पुठ्ठा खुंटीवरून काढला. शेजारी आदल्या आठवड्यात नमुन्यासाठी कापलेली एक बाही पडली होती, त्याच पुठ्ठ्यावरून त्यांनीच कापलेली. कंटाळा आला की माणूस हातातली वस्तू दुसऱ्या वस्तूवर ठेवतो, तेवढ्याच अर्थाने त्यांनी ती बाही पुठ्ठ्यावर ठेवली.

कापडावर पुठ्ठा ठेवतात. पुठ्ठ्यावर कापड कुणी ठेवत नाही. थोरल्या मास्तरांनी ठेवलं नसेल, यांनीही जन्मात ठेवलं नव्हतं.

बाहीच्या भोवती पुठ्ठा डोकावत होता. वर, खाली, काखेच्या वळणाला, सगळीकडून सारखा, खिडकीच्या चौकटीसारखा.

ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी पाठ घेतली. तिच्याभोवतीही चौकट. कॉलर, तिच्याभोवतीही. आणि मग त्यांना आपलाच हात आठवला, पुठ्ठा झिजला की नव्या पुठ्ठ्यावर तो जुना ठेवून भोवती पेन्सिल फिरवणारा. पेन्सिल कडेच्या बाहेरून फिरते. नवा साचा कापायचा तो रेघ राखून, कारण कमी पडायला नको. म्हणजे प्रत्येक नवा साचा जुन्याहून रेघभर मोठा. त्यावरून पुढचा, तो आणखी रेघभर. बाहीचा साचा सगळ्यांत आधी झिजायचा, आणि तो बदलला की ते सगळा संचच नवा करायचे, म्हणून साचे फुगले ते सारखेच. वर्षानुवर्षं साचे फुगत गेले होते, माणसं फुगतात तसेच, रोज पाहणाऱ्याला न कळता. मध्ये कधी तरी कपडे ढगळ होतायत अशी कारागिरांची कुरकुर झाली असणार, आणि हाताने मनाला न विचारताच तोड काढली होती. तो खडूच्या रेघेच्या आतून कापायला लागला होता. जेवढा साचा फुगला तेवढंच आतून. कपडा बरोबर यायचा. दोन तुकड्यांच्या मध्ये मात्र सुतळीएवढी पट्टी सुटायची.

शेल्फावर गठ्ठे रचलेले होते. प्रत्येकाला त्या पट्ट्यांची गाठ.

मास्तर खाली बसले. टेबलाच्या पायाला टेकून, जमिनीवर. डोळे उघडेच होते, पण जे दिसायला लागलं ते झोपेतलं होतं. त्या सगळ्या पट्ट्या सुटत होत्या, गाठी आपोआप उकलत होत्या, आणि एकीला एक लागून त्यांचं कापड होत होतं. त्या कापडाचे कोट होत होते. कोट रांगेने उभे राहत होते, आत कुणी नसलेले, बाह्या लोंबणाऱ्या. त्यांच्या मागे आणखी, पार भिंतीतून पलीकडे. काही तरी विचारतील असं वाटत होतं. विचारत नव्हते. आपल्याला शिवलं गेलं नाही, हेच त्यांना माहीत नव्हतं.

*

मालकीणबाईंना त्यांनी जाऊन सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. बाईंनी एक गठ्ठा हातात घेतला, त्याची गाठ सोडली, पट्टी बोटाभोवती गुंडाळली.

“म्हणजे इतकी वर्षं आपण कापडाची दोरी करून तिने कापडच बांधत होतो?”

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या. मास्तरांना वाटलं आता बोलणी बसतील, पण बाईंनी डोळे पुसले आणि एवढंच म्हटलं की मीही रोज पाहत होते, मला कुठे दिसलं.

सूनबाईने साचे बारीक करून पुन्हा गणिताला बसवलं. आता तुकडे एकमेकांना इतके लागून बसले, की दोघांमध्ये एकच रेघ. या बाहीची तीच त्या पाठीची. उजवी बाही आत आली. ताग्याच्या अगदी शेवटाला, काठाला खेटून, पण आत. पडद्यावर ती जागेवर बसली तेव्हा मास्तरांना जाग आल्यासारखं झालं. ते टेबलाकडे वळले आणि तिथेच थबकले.

कारण हात तोच होता. रेघेच्या आतून कापणारा. आणि आता रेघेला आत बाहेर राहिलं नव्हतं. या तुकड्यासाठी आत कलला की त्या तुकड्यात शिरणार.

सूनबाईला त्यांनी हे सांगितलं. कापायचं मशीन दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि चिंध्यांच्या पोत्यातून एक जुनी चादर काढली. तिच्यावर खडूने रेघा मारल्या आणि त्यांना कापायला लावल्या, सरळ, वळणाच्या, लांब, आखूड. मग प्रत्येक कापाशी वाकून तिने मोजपट्टी धरली. हात प्रत्येक वेळी डावीकडे, कापताना तुकडा असायचा त्या बाजूला, कलत होता, अर्ध्या सुतळीएवढा, ना कमी ना जास्त.

“मास्तर, तुमचा हात चुकतो,” ती म्हणाली, “पण एकसारखा चुकतो. एकसारखी चूक मला चालते. तीही एक अट म्हणून घालते.”

तिने ती खरोखरच घातली. सगळ्या रेघा तेवढ्याच उजवीकडे सरकल्या, म्हणजे हात डावीकडे कलला की बरोबर जागी येईल. पण कलणं हे चालण्यावर अवलंबून. टेबलाच्या या बाजूने गेलं तर डावं इकडे, त्या बाजूने आलं तर तिकडे. म्हणून गणिताने मास्तरांची वाटही आखून दिली. कागदावर बाण आले. इथून सुरू करा, बाहीला वळसा घाला, इथे मशीन उचला, पलीकडे जा, पाठीच्या कडेने परत या. मास्तरांनी तो कागद पाहिला. कुणी आपल्या चालण्याचा साचा काढलाय, असं त्यांना वाटलं. आणि त्या साच्याला पेन्सिलभरही फुगवटा नव्हता.

बाकीच्या कोटांचे दाट थर कापून झाले, ते निभावलं. तिथे थोडं इकडेतिकडे खपत होतं. राहिला शेवटचा कोट, एकेरी कापडातला, जिथे काहीच खपणार नव्हतं. त्याआधी त्यांनी चादरीवर पुन्हा हात चालवून पाहिला. सूनबाईने मोजलं आणि पुन्हा मोजलं. पहिला काप बरोबर कलला होता. दुसरा सरळ रेघेवर. तिसरा उजवीकडे.

हाताला कळलं होतं, आपण कलतो ते. आता तो कलायचं की नाही याचा विचार करत होता. चालताना आपण आधी कोणता पाय टाकतो हे आठवायला जावं आणि उंबऱ्यात अडखळावं, तसं झालं होतं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. प्रत्येक वेळी निराळं. इतकी वर्षं हाताने मनाच्या नकळत जे केलं, ते मनाच्या देखत त्याला जमेना. आणि बहिणीच्या कोटाचं कापड समोर पसरलेलं. घडी मोडली तिथे ते हिरवं क्षणभर दिसून गेलं.

मास्तरांनी मशीन खाली ठेवलं. मग त्यांनी असं काही मागितलं, की सूनबाईने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मालकीणबाईंना बोलवा, म्हणाले. त्यांना म्हणावं, इथे येऊन माझ्याशी भांडा.

बाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. जन्मभर त्या मास्तरांच्या डोक्याशी उभ्या राहून बोलत आल्या होत्या आणि मास्तर मान वर न करता उत्तरं देत कापत आले होते, कारखान्याला त्या दोघांच्या आवाजाची मशीनच्या आवाजाइतकीच सवय होती. पण आज मुद्दाम भांडा म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. पदराचं टोक चाचपत त्या उभ्या राहिल्या. हवा बरी आहे, असं काही तरी म्हणाल्या. मास्तरांनी मशीन उचललं होतं, ते तसंच अधांतरी.

“ती खिडकी,” बाई एकदम म्हणाल्या. “ती मागची खिडकी तुम्ही कधीच लावत नाही. धूळ सगळी अस्तरावर.”

“लावली तर मला दिसत नाही,” मास्तर म्हणाले.

“दिवा कशाला दिलाय मग?”

“तुमच्या दिव्यात निळं काळं दिसतं.”

“माझा दिवा. म्हणजे दिवा माझा, आणि धूळ कुणाची?”

मशीन सुरू झालं होतं. कधी ते मास्तरांनाही कळलं नाही. बाई खिडकीवरून चहावर आल्या. चहाचे कप कापडाजवळ ठेवायचे नाहीत हे किती वेळा सांगितलं. मास्तर म्हणाले, एकदाही सांडला का? बाई म्हणाल्या, सांडायची वाट पाहायची का? बाणांच्या वाटेने ते वळत होते, पाठीला वळसा घालून पलीकडे गेले, तशा बाईही टेबलाच्या कडेकडेने त्यांच्या मागे सरकत राहिल्या. आता त्यांना सूर सापडला होता. थोरल्या मास्तरांच्या वेळची एक कात्री हरवली होती ती निघाली. दुपारचं घोरणं निघालं. शिलाईची मशीनं एकेक थांबत गेली आणि कारागीर माना वळवून पाहायला लागले. बाईंचा आवाज चढला होता, डोळे मात्र पात्यावर होते आणि पापणी लवत नव्हती. मास्तरांचं कापडाकडे अर्धंच लक्ष होतं, उरलेलं सगळं उत्तरं शोधण्यात. पुढचे भाग सुटले. कॉलर सुटली. डावी बाही सुटली.

“आणि टेबलावर चपला घालून चढता,” बाई म्हणाल्या.

“काढून चढतो.”

“मी पाहिलंय.”

“तुम्ही काय पाहिलंय, तुम्ही तर माझ्याआधी डुलक्या घेता खुर्चीत.”

कुणी तरी फिस्सकन हसलं. पातं काखेच्या वळणातून बाहेर आलं, काठापाशी पोहोचलं आणि हवेत कापायला लागलं. मास्तरांनी बटण बंद केलं. उजवी बाही मोकळी पडली होती. तिच्या आणि पाठीच्या मध्ये काहीच उरलं नव्हतं, धागासुद्धा नाही. त्यांनी ती उचलून बारीक केलेल्या नव्या साच्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. कुठेच पुठ्ठा डोकावत नव्हता.

बाई अजून तिथेच होत्या. भांडण कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या की खिडकी मात्र खरंच लावत जा, आणि गेल्या.

*

कोट तयार झाल्यावर वाद्यवृंदाने पूर्ण पोशाखात तालीम ठेवली. सभागृह रिकामं होतं. मास्तर आणि सूनबाई पार मागच्या खुर्च्यांवर बसले, कारण मास्तरांना पुढे बसायचं नव्हतं. दिवे लागले आणि मंचावर निळं पसरलं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सलग. वाद्यं लागत होती. कुणी तरी एकच सूर पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होतं. शेवटच्या रांगेत उंच वाद्यांच्या मागे काही जण उभे होते.

सूनबाईने हळूच विचारलं, यातल्या तुमच्या बहीण कोणत्या. मास्तरांनी बोट वर केलं. ते डावीकडच्या एका आकृतीवर गेलं, तिथे थांबलं, मग तिच्या शेजारच्या आकृतीकडे सरकलं. त्यांनी डोळे बारीक केले. इतक्या लांबून चेहरे नव्हतेच. नुसते कोट, एकाच निळ्यातले, एकाच हातचे. ती लांब आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्या वाद्यांच्या मागे सगळेच लांब दिसत होते.

बोट पुन्हा पहिल्या आकृतीवर गेलं आणि मग खाली आलं.

तेवढ्यात हात उठले, सगळ्यांचे एकदम. तो खोल सूर जमिनीतून चालत खुर्च्यांपर्यंत आला आणि मास्तरांच्या तळव्यांना लागला. ते खुर्चीत पुढे सरकले. शेवटच्या रांगेतल्या एकेका बाहीकडे पाहत राहिले, काखेत कुठे ओढ बसत नाही ना, एवढंच.